रोजची भाकरी, रोजचे वचन



प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण भाकरी मागतो ती आजच्यापुरती. यामागे एक जुना धडा आहे. निर्गम ग्रंथाचा 16वा अध्याय पाहा. रानात देवाने इस्राएल लोकांना मान्ना दिला. प्रत्येकाने एका दिवसापुरताच गोळा करायचा होता. काहींनी उद्यासाठी राखून ठेवला, तर सकाळी त्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती. आपली सोलापूरची कडक भाकरी कित्येक दिवस टिकते. मान्ना टिकत नव्हता. देवाचे वचनही तसेच आहे. गेल्या रविवारच्या प्रवचनावर गुरुवारचे संकट निभावत नाही.

एकच मेज

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 18 नोव्हेंबर 1965 रोजीच्या 'देई वेर्बुम' या दस्तऐवजात शिकविले की, ख्रिस्तसभा देवाचे वचन आणि ख्रिस्ताचे शरीर ही जीवनाची भाकर एकाच मेजावरून वाढते. तेव्हा वाचने संपल्यावर मिस्साला येणारा अर्धे जेवण चुकवितो. पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली सामान्य काळातील तिसरा रविवार 'देवाच्या वचनाचा रविवार' म्हणून ठरवून दिला. तो दिवस वर्षभराच्या वाचनाची आठवण देण्यासाठी आहे, एका दिवसात उरकण्यासाठी नाही.

आपल्या भाषेतले अन्न

हे अन्न मराठीत यावे म्हणून पुष्कळांनी कष्ट केले. येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. पण गोव्यातील नवख्रिस्ती लोकांना वाचायला-गायला पुराण नाही हे ओळखून त्यांनी मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचले. ते 1616 साली छापले गेले. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावी पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायामाणसांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या; 1924 साली ते बायबल प्रसिद्ध झाले. त्या कॅथलिक नव्हत्या, पण वचनाची त्यांची भूक आपल्याला विचार करायला लावते. आपल्या घरातले बायबल मात्र शोकेसमध्ये असते. ज्या घरी कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते, तिथे त्या भाषेत वाचा. पोट भरते ते मायबोलीत.

कसे वाचावे?

बाराव्या शतकातील गिगो नावाच्या मठवासीने चार पायऱ्या सांगितल्या: वाचन म्हणजे घास तोंडात घेणे, मनन म्हणजे तो चावणे, प्रार्थना म्हणजे चव मिळणे, आणि चिंतन म्हणजे त्या गोडीत शांत राहणे.

उदाहरणार्थ, मत्तय 20:1-16. वाचताना लक्षात येते की मळ्याचा मालक दिवसातून पाच वेळा मजूर शोधायला जातो. मनन करताना दिसते की संध्याकाळी उभे असलेले ते मजूर आळशी नव्हते. त्यांना कोणी काम दिलेच नव्हते. ज्यांनी घरात गिरणी बंद पडल्याचे दिवस पाहिले, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. मालक त्यांनाही दिवसाची पूर्ण मजुरी देतो, कारण घरच्यांची भूक अर्धी नसते. आता स्वतःला विचारा : मी संध्याकाळी बोलावलेला की कुरकुर करणारा? मनात जे उत्तर येईल, तीच आजची प्रार्थना.

दोन गोष्टी सांभाळा

डोळे मिटून पान उघडायचे आणि पहिली ओळ म्हणजे देवाचा कौल मानायचा, हे वाचन नव्हे. मोबाईलवर आलेले एक सुटे वचनही पुरेसे नाही. परीक्षेच्या वेळी सैतानानेसुद्धा स्तोत्रातले वचन वापरले होते (मत्तय 4:6). म्हणून पूर्ण उतारा वाचा, आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या प्रकाशात वाचा.

कोणी म्हणेल, "फादर, वाचतो पण काही वाटत नाही." रोजची भाकरी तरी रोज कुठे गोड लागते? तरी अंगात ताकद येते ती तिच्यानेच. संत अगस्तीनला उमगले होते की इतर अन्न आपल्यात मिसळून आपल्यासारखे होते. हे अन्न मात्र आपल्यालाच त्याच्यासारखे करते. त्याला वेळ लागतो.

या आठवड्यात

रात्री जेवणापूर्वी दहा मिनिटे टीव्ही बंद ठेवा. घरातील लहानाने त्या दिवसाचे शुभवर्तमान मोठ्याने वाचावे. आजी-आजोबांना अक्षर दिसत नसेल, तर त्यांना आधी ऐकवा. मग प्रत्येकाने मनात राहिलेला एक शब्द सांगावा, आणि सर्वांनी मिळून म्हणावे :

हे प्रभू, आमच्या ताटात भाकरी आहे, तुझे आभार. आमच्या मनातही आज तुझे वचन वाढ. आमेन.