फरशीखालचा भराव : हलका की जड?

आष्ट्याच्या परिसरात, कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात, उसाला मानवणारी काळी जमीन आहे. पिकाला ती उत्तम. बांधकामाला मात्र अवघड. समजा, येथे एक गोदाम बांधायचे आहे. मालमोटारीतून माल सरळ आत घेता यावा म्हणून काँक्रीटची फरशी जमिनीपासून १ मीटर उंच हवी. तर मग तिच्याखाली भराव कशाचा घालाल?

प्रथम वजनाचा हिशेब करू. धुमस करून बसवलेल्या मुरुमाचे वजन घनमीटरला सुमारे १,८०० किलो असते. काँक्रीटचे सुमारे २,४०० किलो. म्हणजे १५ सेंमी जाडीची फरशी चौरस मीटरला ३६० किलो भरते. एक पोतेही ठेवण्यापूर्वी जमिनीवर २,१६० किलोंचा भार! जमीन मऊ असेल तर ती खचते व फरशीला भेगा पडतात. अशा ठिकाणी हलका भराव उपयोगी पडतो. नॉर्वेत ऑस्लोजवळ १९७२ मध्ये एका पुलालगतचा खचणारा रस्ता थर्मोकोलचे ठोकळे घालून सावरला गेला. अशा ठोकळ्याचे वजन घनमीटरला अवघे २० किलो!

आष्ट्यालाही हेच करावे का? घाई नको.

पहिली अडचण पुराची. सांगली जिल्ह्याने २००५, २०१९ व २०२१ मध्ये महापूर पाहिले. पाणी फरशीच्या तळापर्यंत चढले, तर आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार १ घनमीटर थर्मोकोल १,००० किलो पाणी बाजूला सारतो. स्वतःचे २० किलो वजा जाता तो ९८० किलोंच्या जोराने फरशी वर ढकलील. फरशी तर ३६० किलोंचीच! गोदाम रिकामे असेल तर ती उचलली जाईल.

दुसरी अडचण मातीची. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. फुगताना तिचा जोर चौरस मीटरला कित्येक टन असू शकतो. हलका भराव त्याला काय दाद देणार? नुसते वजनही पुरत नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर उपाय सुचवला : न फुगणाऱ्या, पण कण एकमेकांना धरून ठेवणाऱ्या मातीचा सुमारे १ मीटर जाडीचा थर दाबून बसवावा. त्यामुळे खालची फुगवण बरीच आवरते. थोडा चिकणपणा असलेला मुरूम या कामी येतो. म्हणजे येथे जड भरावच बरा. म्हणूनच आधी मातीची परीक्षा, मग भरावाची निवड.

करून पाहा : काळी माती वाळवून, कुटून, बारीक चाळा. १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम माती घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओता. ढवळून बुडबुडे घालवा व २४ तास ठेवा. (हा प्रयोग शिक्षकांसमोर, विस्तवापासून दूर करावा.) रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील मातीचे आकारमान रॉकेलमधल्यापेक्षा ५० टक्क्यांहून अधिक भरले, तर ती माती अतिशय फुगणारी समजावी.

विचार करा : थर्मोकोलचा थर किती जाडीचा असेपर्यंत वरील फरशी पुरात जागेवर राहील? ३६० ला ९८० ने भागा. पाणी फरशीच्याही वर चढले, तर उत्तर बदलेल का?