समीकरणाच्या मुळांचा शोध

२क्ष³ − ३क्ष² − ११क्ष + ६ = ० हे समीकरण घेऊ. क्षच्या जागी एकेक संख्या घालून पाहावी, तर संख्या अनंत! परंतु सर्व सहगुणक पूर्णांक असले, म्हणजे परिमेय मुळांच्या शोधास मर्यादा पडते.

समजा, प/फ हे अतिसंक्षिप्त रूपातील मूळ आहे. ते समीकरणात घालून फ³ ने गुणू:

२प³ − ३प²फ − ११पफ² + ६फ³ = ०

पहिल्या तिन्ही पदांना प ने भाग जातो. म्हणून ६फ³ लाही गेला पाहिजे. प व फ यांत सामाईक अवयव नसल्याने प हा ६ चाच विभाजक ठरतो. त्याच न्यायाने फ हा २ चा विभाजक होय.

तेव्हा संभाव्य मुळे बाराच: ±१, ±२, ±३, ±६, ±१/२, ±३/२. ३ घालून ताळा पाहू: ५४ − २७ − ३३ + ६ = ०. तसेच −२ व १/२ हीही जुळतात. घन समीकरणास तीनहून अधिक मुळे नसतात, शोध संपला.

आता क्ष² − २ = ० पाहू. येथे ±१ व ±२ एवढीच संभाव्य मुळे. एकही जुळत नाही. मग श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. २ चे वर्गमूळ परिमेय नाही, हे त्यानेच सिद्ध झाले.