‘मूलक’ : शब्द एक, अर्थ दोन

आपल्या विज्ञानविषयक लेखनात ‘मूलक’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. क्षारांच्या पाठात सल्फेट, नायट्रेट, क्लोराइड या विद्युतभारित कणांना मूलक म्हणतात. वातावरणाच्या रसायनशास्त्रात मात्र ज्याचा एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहिला आहे, असा अणू किंवा रेणू म्हणजे मूलक. ओझोनचा पाठ सुरू करण्याआधी हा भेद सांगितलाच पाहिजे, असे मला वाटते.

क्लोरीनचेच उदाहरण घेऊ. मिठातील क्लोराइडचे सर्व इलेक्ट्रॉन जोडीने असतात, म्हणून ते स्थिर असते. क्लोरीनचा सुटा अणू मात्र ओझोनकडून ऑक्सिजनचा एक अणू हिरावून घेतो आणि क्लोरीन मोनॉक्साइड बनतो. त्याला ऑक्सिजनचा सुटा अणू भेटला की क्लोरीन पुन्हा मोकळा होतो. अशा रीतीने एकच अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करू शकतो. दोन्हींना नुसते ‘क्लोरीनचे मूलक’ म्हटले, तर विद्यार्थ्याला मीठ आणि हा अणू सारखेच वाटतील.

हे सुटे अणू येतात कोठून? शीतकपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरलेली क्लोरोफ्लुरोकार्बन संयुगे खालच्या हवेत विघटित होत नाहीत. ती स्थितांबरात पोचतात आणि तेथील अतिनील किरण त्यांतून क्लोरीन सोडवतात. मोलिना व रोलँड यांनी १९७४ साली हे दाखवून दिले.

सुटलेल्या क्लोरीनचा बराचसा भाग हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट या रूपांत निष्क्रिय पडून राहतो. अंटार्क्टिकावर हिवाळ्यात उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास बनणाऱ्या ढगांच्या कणांवर या दोन संयुगांची अभिक्रिया होऊन क्लोरीन वायू तयार होतो. वसंतात सूर्य उगवला की प्रकाशाने त्याचे दोन सुटे अणू होतात. तेथील ओझोनची घट १९८५ साली प्रसिद्ध झाली आणि १९८७ साली माँट्रियलचा करार झाला.

म्हणून माझी सूचना अशी : विद्युतभारित कणाला ‘आयन’ म्हणावे आणि जोडीवाचूनच्या इलेक्ट्रॉनसाठी ‘मुक्त मूलक’ राखून ठेवावे. क्लोरोफ्लुरोकार्बनला ‘उगम’ आणि निष्क्रिय संयुगांना ‘साठा’ म्हणावे. शब्द असे वेगळे ठेवले, तर ओझोनचे छिद्र नेमके अंटार्क्टिकावर आणि नेमके वसंतातच का पडते, हे विद्यार्थी स्वतः सांगू शकेल.