खालचा ताजा काळा रंग

१ सप्टेंबर २०१९, रविवार. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. पेणहून गणपती घेऊन आम्ही नागावला परतत होतो. मूर्ती शाडूची, दोन फुटांची. मागे डिकीत गादी, गादीवर पाट आणि दोन्ही बाजूंना उशा. मागच्या सीटवरून नात वळून वळून मूर्तीकडे बघत होती. कार्लेखिंड चढून अलिबागच्या अंगाला उतरायला लागलो तेव्हा बारीक पाऊस होता. पुढे एसटी हळू झाली म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल थेट खाली गेलं.

गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेतला, पेडल मारत राहिलो, हँडब्रेक थोडा थोडा ओढत राहिलो. ब्रेकच्या लाइनचे दोन भाग असतात. एक फुटला तरी दुसऱ्यावर थोडीफार पकड मिळते. तेवढ्या पकडीवर गाडी डाव्या बाजूच्या मातीच्या बांधाला टेकून थांबली. कुणाला खरचटलंही नाही, मूर्तीही जागची हलली नाही. पण खाली उतरल्यावर माझे पाय थरथरत होते आणि मागच्या चाकाजवळ रस्त्यावर ब्रेक ऑइलचा ओघळ दिसत होता.

गाडी होती टाटा इंडिगो मरिना, २००७ ची. मागे छपरापर्यंत उघडणारं दार असलेली लांब गाडी, जिला आपण स्टेशन वॅगन म्हणतो आणि कंपन्या एस्टेट म्हणतात. आपल्या देशात या प्रकाराला कधी मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही. १९९२ मध्ये टाटांची एस्टेट आली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, २००४ मध्ये ही मरिना. सगळ्या थोडी वर्षं चालल्या आणि बंद झाल्या. पण वाडीवाल्याच्या सोयीची याहून चांगली गाडी नाही असं माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. नारळाची पोती, सुपारी, कलमांची रोपं, पंपाची मोटार, सगळं आत मावतं, आणि त्याच गाडीतून घरची माणसं लग्नाला जाऊ शकतात.

डिसेंबर २०१८ मध्ये एका एजंटाकडून मी ती घेतली. एक लाख दहा हजार मोजले. इंजिन एका चावीत चालू झालं, एसी गार होता, सीटकव्हर नवं होतं. मी वाकून खाली नजर टाकली तर सगळं एकसारखं काळं कुळकुळीत. एजंट म्हणाला, "काका, खालून कोटिंग मारून घेतलंय, तुम्हाला आता दहा वर्षं बघायला नको." मला बरं वाटलं. मालकाने गाडी जपली आहे अशी मी समजूत करून घेतली.

चतुर्थीनंतर गाडी आमच्या फिटरकडे रॅम्पवर चढली. त्याने साधा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मागच्या चाकापुढच्या पत्र्यावर टेकवला. दाबलाही नाही म्हणा ना. तो मुठीपर्यंत आत गेला. वरचा काळा थर रबरासारखा फाटला आणि आतून लाल भुकटी खाली पडली. "काका, हा पत्रा नाही, पापड आहे," तो म्हणाला. त्याच थराखाली ब्रेकचा लोखंडी पाइप गंजून कागदासारखा पातळ झाला होता. फुटला तो तिथेच. पाइप, पत्र्याचं वेल्डिंग, मागच्या सस्पेन्शनचे बुश असं मिळून सेहेचाळीस हजार गेले.

गंज आला कुठून, तेही मागचं कार्पेट उचलल्यावर कळलं. कार्पेटाखालच्या खळग्यात पांढरट मिठाची कड होती आणि कितीही धुतला तरी न जाणारा वास. ही गाडी कधीतरी मासळी वाहत होती. बर्फ वितळतो, टबातलं खारं पाणी हिंदकळतं, कार्पेटमध्ये मुरतं आणि पत्र्याच्या सांध्यात जाऊन बसतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून तो सांधा उन्हाळ्यातही पुरता सुकत नाही. लोखंड आतून खात राहतं, बाहेरून रंग चकाचक. वरून डांबरी कोटिंग मारलं की ओल आत कोंडली जाते आणि गंज अधिकच जोर धरतो. कोटिंग नव्या, कोरड्या पत्र्यावर मारायचं असतं. विकण्याच्या आठवड्यात जुन्या पत्र्यावर मारलेलं कोटिंग हे झाकण आहे.

म्हणून रेवसपासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरपर्यंतच्या पट्ट्यातली जुनी गाडी बघायला जाल तेव्हा किलोमीटर आणि इंजिन नंतर बघा. इंजिन उतरवून दुरुस्त करता येतं. आजच्या बहुतेक गाड्यांना वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडा हीच गाडी असते. तो सडला की पैसे ओतूनही ती पूर्वीसारखी होत नाही.

पहिलं काम, गाडी रॅम्पवर घ्यायला सांगा. एजंट टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा. खाली ताजा काळा रंग दिसला तर तो ज्या ज्या ठिकाणी जाड आहे तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून ऐका. धड पत्रा टणकन वाजतो, सडलेला मुका वाजतो. दारांच्या खालची पट्टी, चाकांच्या वरच्या कमानी, जॅक लावायची जागा, मागचे शॉकअप ज्या ठिकाणी पकडलेले असतात ती जागा, आणि ब्रेक व डिझेलचे पाइप, हे सगळं हाताने चाचपा. खिशात एक लोहचुंबक ठेवा, त्याला पातळ फडकं गुंडाळा म्हणजे रंगाला चरा पडणार नाही. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नसून लांबी भरलेली आहे.

दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरायची बारीक भोकं असतात. सुरूची काडी, वाळू, पानं अडकून ती बुजतात आणि दार आतून टाकी होतं. दार उघडून जोराने हलवा. आत पाणी खळखळलं तर काय समजायचं ते समजा.

स्टेशन वॅगनची स्वतःची दुखणी मागच्या दारात असतात. दार वर उचलल्यावर ते आपोआप टिकतं का ते बघा. गॅसचे दांडे संपले असतील तर ते डोक्यावर येतं. दाराची खालची ओठासारखी कड आणि नंबर प्लेटच्या दिव्यामागचा पत्रा नखाने खरवडा. बिजागरीजवळ रबरी नळीतून वायरी दारात जातात. हजारो वेळा उघडझाप होऊन त्या तिथे तुटतात आणि मग मागचा वायपर, काच तापवायची तार, दिवा असं एकेक बंद पडतं. छपरावर सामानाचे रूळ असतील तर त्यांच्या स्क्रूंमधून पाणी झिरपतं, म्हणून आतल्या कापडावर पिवळे डाग शोधा. मग कार्पेट, ते पूर्ण उचलायचं आणि स्टेपनी जिथे असेल तिथून काढून खालचा खळगा बघायचा. सुगंधी स्प्रेचा फार दरवळ असेल तर जास्त वेळ बघायचं. मी हे एवढं केलं असतं तर एक लाख दहा हजार माझ्याकडेच राहिले असते.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी विचारायच्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर धडकलं आणि नारळ-आंब्याची झाडं कितीतरी गाड्यांवर पडली. छप्पर सरळ करून रंगवलेली गाडी असू शकते. छपरावरून उन्हात तिरकी नजर टाकली की लाटा दिसतात. दुसरं, जुलै २०२१ चा महाड आणि चिपळूणचा पूर. पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या गुंडाळीत गाळाची रेघ राहते, ती सहसा कुणी धुवत नाही. डॅशबोर्डच्या खालच्या स्क्रूंवर गंज आणि हेडलाइटच्या आत मातीचा थर हीसुद्धा तीच खूण.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. सकाळी लवकर जा आणि चावी लावण्याआधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुमच्यासाठी आधीच चालवून ठेवलंय. थंड डिझेल इंजिन चालू झाल्यावर थोडा धूर येतो, पण निळसर धूर येतच राहिला किंवा ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून वाफेसारखा जोराचा फुफाटा आला तर इंजिन कामाला आलंय. टायमिंग बेल्टच्या गाडीत तो कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून किंमत ठरवा. मागच्या टायरची आतली कड जास्त झिजली असेल तर भार वाहून सस्पेन्शन बसलंय. मग कार्लेखिंडीसारखा एखादा चढ-उतार पाहून गाडी स्वतः चालवा, उतारावर ब्रेक दाबून धरा आणि पेडल हळूहळू खाली जातं का बघा.

कागदांत बहुतेक जण फक्त नाव बघतात. इंडिगो टॅक्सी म्हणून फार चालली, तेव्हा आरसीवर आधी परवान्याची नोंद होती का ते तपासा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ वर बँकेची सही हवी. ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० भरून घ्या. घेणाऱ्याने ३० दिवसांत ट्रान्सफरचा अर्ज करायचा असतो आणि विमा आपल्या नावावर करायला १४ दिवस असतात. दुसऱ्या आरटीओकडची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. आपल्याकडे पेणचा एमएच-०६ आणि पनवेलचा एमएच-४६ वेगळे आहेत हे लक्षात ठेवा. जुनी ई-चलनं ऑनलाइन बघून घ्या, ती गाडीबरोबर तुमच्या गळ्यात येतात.

आणि वय. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस होऊन ५-५ वर्षांनी वाढते. या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, त्यात पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळते ती यासाठीच. सडलेल्या पत्र्याची गाडी फिटनेसला अडली तर ती स्वस्त राहत नाही.

पार्टचंही बघा. बंद पडलेल्या मॉडेलचे इंजिनाचे भाग मिळतात, कारण तेच इंजिन इतर गाड्यांत असतं. पण मरिनाची मागची काच आणि मागचे दिवे फक्त मरिनाचेच. मला मागचा डावा दिवा कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात तिसऱ्या खेपेला मिळाला.

गेल्या वर्षी मुरूडकडे दुसरी एक जुनी गाडी बघायला गेलो. फिटरला पाचशे रुपये आणि जेवण ठरवून बरोबर नेलं. रंग सुरेख, इंजिन शांत. रॅम्पवर चढवली तर खाली ओला काळा थर, बोटाला लागणारा. आम्ही गाडी खाली उतरवली, मालकांना नमस्कार केला आणि निघालो.

तुम्हीही घाई करू नका. रात्री, पावसात किंवा धुऊन ओली उभी केलेली गाडी बघू नका. इसाराचे पैसे देण्याआधी ती एकदा रॅम्पवर चढवा आणि खाली स्वतः उभे राहा.