बंदोबस्तातलं हसू

तालुक्याच्या गावी शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावून मी बरीच वर्षं सिनेमे दाखवतो. पेशा जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा, त्यामुळे निवडणुकीची ड्युटी ठरलेली. या दोन्हींची गाठ अमित मसुरकर यांच्या 'न्यूटन'नं घालून दिली. छत्तीसगडच्या दंडकारण्यात, नक्षलवादी आणि सुरक्षा दल यांच्या कात्रीत सापडलेल्या गावात, 76 मतदारांचं मतदान घ्यायला निघालेल्या न्यूटन नावाच्या कारकुनाची ही गोष्ट. 22 सप्टेंबर 2017 ला हा सिनेमा लागला आणि भारतातर्फे ऑस्करसाठीही पाठवला गेला. विषय इतका जळता, तरी सिनेमा विनोदी. चिखली-मेहकरकडच्या माणसांसोबत तो बघताना जे उमगत गेलं, ते इथे मांडतो.

1. काम खरं दाखवलं की हसू आपसूक येतं.

आमच्याकडे बघायला येतात ते शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका. साहित्य वाटपाच्या मंडपात यंत्र ताब्यात घेणं, सीलचे नंबर जुळवणं, मॉक पोल, 17-अ नोंदवहीत सही किंवा अंगठा, डाव्या तर्जनीला शाई, हे सगळं त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. न्यूटन तेच सगळं जंगलातल्या पडक्या शाळेत, अंगावर बुलेटप्रूफ जाकीट चढवून जाऊन करतो. खोली झाडून घेतो, टेबल लावतो, यंत्र मांडतो. मतदार मात्र येत नाही. या प्रसंगाला हॉलमध्ये नेहमी हशा उठतो. एकदा मागून आवाज आला, "सर, हे तं आपल्या ड्युटीसारखंच हाये ना!" न्यूटन झालेला राजकुमार राव कुठेच हसवायला जात नाही. तो मनापासून नियम पाळतो, आणि नियमाच्या समोर बसणारा माणूसच तिथे नाही. विनोद एवढाच आहे, आणि दुःखही तेच.

2. हॉलमध्ये कोणाचं पोर वर्दीत आहे, याचं भान ठेवावं.

ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान गेले. त्यातले दोन आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले, एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातला. अडीच महिन्यांनी, 1 मे रोजी, गडचिरोलीत जांभुरखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस शहीद झाले. त्यातही मेहकर आणि देऊळगाव राजाकडचे दोघे. आणि 'न्यूटन'मधला आत्मा सिंह नेमका याच राखीव दलाचा अधिकारी. मतदान घ्यायला तो नाखूश असतो, आणि विदेशी पत्रकाराला दाखवायची वेळ आली की गावकऱ्यांना हाकून केंद्रावर आणवतो.

हे आपल्याकडे दाखवावं का, असा प्रश्न काही जणांनी मला मनापासून विचारला. मी दाखवलं. ज्यांचा मुलगा दलात आहे असे एक शेतकरी पहिल्या रांगेत बसले होते. गावकऱ्यांना आणायच्या प्रसंगात ते हसले नाहीत. आत्मा सिंह न्यूटनच्या हातात रायफल देऊन तिचं वजन बघायला लावतो, तेव्हा ते पुढे सरसावून बसले. नंतर म्हणाले, "तो सायेब वाईट नाही. त्याले आपले पोट्टे जित्ते घरी न्यायचे हायेत." पंकज त्रिपाठींनी ही भूमिका अशी केली आहे की त्या माणसाचा राग येतो आणि त्याची काळजीही कळते. शेवटाकडे तो बायको-मुलीसोबत किराणा घेताना दिसतो, अगदी आपल्यासारखा. शासनानंही त्रिपाठींच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारात खास दखल घेतली. संघर्षावरचा विनोद न्याय्य आहे की नाही, हे मी आता एवढ्यावरून पारखतो: त्यात वर्दीतला माणूस आणि जंगलातला माणूस, दोघंही माणूस राहिले आहेत का?

3. मधल्या माणसाकडे बघा.

'न्यूटन'मधली मलको ही तिथलीच शिक्षिका आणि बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, गोंडी जाणणारी. नाशिकच्या अंजली पाटील यांनी ती उभी केली आहे. अख्ख्या पथकात गावाशी बोलता येणारी ती एकटी, आणि तिला विचारतं कोणी नाही. आपल्या जळगाव जामोद, संग्रामपूरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू, भिल्ल, निहाल वस्त्या आहेत. तिथे ड्युटी केलेला कोणीही सांगेल की केंद्र चालतं ते गावातल्या बीएलओच्या भरवशावर. तिथे बंदूक नाही, हे आपलं भाग्य. पण काही तासांच्या अंतरावरच्या माणसाबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं, ही मलकोची तक्रार आपल्यालाही लागू पडते.

4. हसणं ही शहराची मिरास नाही.

गडचिरोलीचं नाव निघालं की आपल्या डोळ्यांपुढे भूसुरुंगच येतो. त्याच जिल्ह्यात झाडीपट्टी रंगभूमी आहे. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की वडशाच्या मंडळ्या गावोगाव निघतात, रात्रभर नाटक चालतं आणि विनोदी नटासाठी लोक थंडीत कुडकुडत बसतात. तिथले परशुराम खुणे यांना 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हणतात. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या भागात विनोद शोभतो का, हा प्रश्न दूर बसलेले विचारतात. तिथल्या माणसांनी त्याचं उत्तर केव्हाच दिलं आहे.

5. असा विनोद शेवटी सुटका करत नाही.

'लगान'चं ऑस्कर 2002 मध्ये ज्यानं नेलं तो 'नो मॅन्स लँड' आपल्याकडे रागापोटी फार कमी जणांनी पाहिला. बोस्नियाचं युद्ध, एका खंदकात दोन बाजूंचे दोन सैनिक, आणि तिसरा सुरुंगावर आडवा. तो हलला की स्फोट. भांडण कोणी सुरू केलं यावर दोघं हमरीतुमरीवर येतात, बंदूक ज्याच्या हातात त्याचं म्हणणं खरं ठरतं, आणि आपण हसतो. शांतिसेना येते, कॅमेरे येतात, सगळे निघून जातात. तो सुरुंगावरचा माणूस तसाच राहतो. आमच्या हॉलमध्ये त्यानंतर बराच वेळ कोणी उठलं नव्हतं.

6. मर्यादा आहे, आणि ती थोर माणसानंच सांगितली.

चार्ली चॅप्लिन यांनी 1940 मध्ये हिटलरची खिल्ली उडवणारा 'द ग्रेट डिक्टेटर' केला. छळछावण्यांमधलं खरं भीषण रूप तेव्हा माहीत असतं तर हा सिनेमा करता आला नसता, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. म्हणून अंगावर येणाऱ्या घटनेनंतर लगेच विनोद दाखवू नये. घरातला शोक आधी, सिनेमा नंतर.

7. सिनेमा संपल्यावर दिवे लावा, पण लोकांना लगेच जाऊ देऊ नका.

खरा कार्यक्रम तेव्हा सुरू होतो. पुढच्या निवडणुकीचं प्रशिक्षण लागण्याआधी आपल्या गावात 'न्यूटन' एकदा दाखवा. ड्युटीवर जाणाऱ्यांना बोलवा, बीएलओला बोलवा, ज्यांची मुलं दलात आहेत त्या आईवडिलांना पुढे बसवा, आणि पहिलं बोलायला त्यांना सांगा.