विश्रांति : घ्यावयाची आणि द्यावयाची

विश्रांति म्हणजे काम संपल्यावर उरलेला वेळ, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु काम कधीं संपतें काय? शेतकऱ्याचें पेरणीपासून मळणीपर्यंत संपत नाहीं, गृहिणीचें पहांटेपासून रात्रीपर्यंत संपत नाहीं, आणि विद्यार्थ्याची एक परीक्षा सरली कीं दुसरी उभी राहते. काम संपण्याची वाट पाहणाऱ्यास विश्रांति कधींच लाभावयाची नाहीं. म्हणून पवित्र शास्त्र तिच्याविषयीं काय शिकवितें, हें पाहणें अगत्याचें आहे.

पहिली गोष्ट ही कीं, विश्रांति हें देवाचें दान आहे. उत्पत्तीच्या आरंभींच्या अध्यायांत मनुष्य सहाव्या दिवशीं निर्माण झाला आणि सातव्या दिवशीं देवानें विसावा घेतला, असें सांगितलें आहे. तेव्हां मनुष्याच्या आयुष्याचा पहिला पुरा दिवस विसाव्याचाच होता. त्यानें अजून कांहींच केलें नव्हतें, तरी तो दिवस त्याला मिळाला. मात्र याचा अर्थ आळस करावा असा नव्हे. ज्या आज्ञेंत सातव्या दिवशीं थांबावयास सांगितलें आहे, तिच्यांतच सहा दिवस श्रम करावयासही सांगितलें आहे. आळशी मनुष्य काम टाळतो. विसावा घेणारा मनुष्य आपलें काम कांहीं काळ देवाच्या हातीं सोंपवितो.

दुसरी गोष्ट बहुधा आपल्या लक्षांत येत नाहीं. चौथ्या आज्ञेंत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेंढोरें आणि वेशीच्या आंत राहणारा परका, या सर्वांस विसावा मिळावा असें म्हटलें आहे. अनुवादाच्या पांचव्या अध्यायांत त्याचें कारणही दिलें आहे : इस्राएल लोक स्वतः मिसर देशांत दास होते. तेथें त्यांनीं उपासनेसाठीं सुटी मागितली, तेव्हां फारोनें त्यांस आळशी ठरविलें, पेंढा देणें बंद केलें आणि विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवली. असा जाच ज्यांनीं सोसला, त्यांनीं तो दुसऱ्यावर लादूं नये. म्हणजे ही आज्ञा विसावा घेण्याची आहे, तितकीच तो देण्याची आहे. आपल्या शेतकऱ्यास ही गोष्ट परकी नाहीं. पोळ्याच्या दिवशीं तो बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. शास्त्रानें तोच विसावा बैलासही दर सातव्या दिवशीं नेमून दिला.

विसावा देणारा कोणी नसला म्हणजे तो मागून घ्यावा लागतो, हें मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासावरून दिसतें. ज्योतिराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांची सभा भरवून रविवारच्या सुटीची मागणी केली. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मी येथें सुमारें १०,००० कामगार जमले. त्या सभेंत स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक समाजाचे होते. तरी श्रमणाऱ्याचा विसावा ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हें त्यांनीं ओळखलें. पुढें स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्यानेंही साप्ताहिक सुटी बंधनकारक केली.

परंतु जो विसावा कायदा कारखान्यांत देतो, तो घरांत कोण देणार? आपल्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतींत पाळ्यांनीं काम करणारे पुष्कळ पालक आहेत. रात्रपाळी करून वडील सकाळीं निजले असतां मुलांनीं आवाज हळू ठेवणें, हें चौथ्या आज्ञेचें पालनच होय. रविवारीं सर्वांस सुटी असते, आणि आईस मात्र त्याच दिवशीं अधिक स्वयंपाक, अधिक धुणें आणि पाहुण्यांची सरबराई! मार्थेप्रमाणें ती कामाच्या धांदलीनें त्रस्त झाली, तर दोष तिचा नव्हे. मुलगा असो वा मुलगी, पाणी भरावें, भांडीं घांसावीं, केर काढावा, आणि तिला प्रार्थनेस व घटकाभर पडण्यास मोकळें करावें. पालकांनींही हें ध्यानांत ठेवावें कीं, सुटीचा प्रत्येक तास शिकवणीनें भरलेलें मूल हुशार होतेंच असें नाहीं, पण थकतें खास. मरण मागणाऱ्या निराश एलीयास देवानें बोल लाविला नाहीं. आधीं झोप, भाकर व पाणी दिलें, आणि मग पुढील काम सांगितलें.

तिसरी गोष्ट, विश्रांतीचें मूळ विश्वासांत आहे. वादळांत तारूं हेलकावत असतां प्रभु येशू उशीवर डोकें ठेवून निजला होता. शिष्य घाबरले होते, कारण सर्व भार आपल्यावरच आहे असें त्यांस वाटलें. आपणही अंथरुणावर पडतों तेव्हां उद्यांची चिंता उशाशीं घेऊन पडतों. मग शरीर निजतें, पण मन जागेंच राहतें. कष्टी व भाराक्रांत जनांस प्रभूनें स्वतःजवळ बोलाविलें आहे. दिवसभर प्रामाणिकपणें काम करून राहिलेलें त्याच्या हातीं देणें, ही त्या बोलावण्यास मान देण्याची रोजची रीत आहे.

विद्यार्थिमित्रहो, येत्या रविवारीं उपासनेहून घरीं गेल्यावर प्रथम एवढें पाहा कीं, आज आपल्या घरीं कोणास विसावा मिळालेला नाहीं. त्याच्या हातचें एक काम आपल्या हातीं घ्या, आणि मग आपणही स्वस्थ बसा.