अंगठीला शिसे कळते का?

प्रश्न : लिपस्टिकवर सोन्याची अंगठी घासून काळी रेघ उठली, तर लिपस्टिकमध्ये शिसे आहे असे समजावे का?

उत्तर : नाही. लिपस्टिक म्हणजे मेण, तेल आणि रंगद्रव्ये एकत्र वितळवून साच्यात ओतलेली कांडी. तिच्यातल्या टिटॅनियम डायऑक्साइडसारख्या कठीण कणांनी धातू खरवडला, तरी काळी रेघ उठते. मग शिसे नसतेच का? असू शकते, खनिज रंगांबरोबर ते लेशमात्र येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ४०० लिपस्टिक तपासल्या, तेव्हा दहा लाख भागांत सरासरी १.११ आणि जास्तीत जास्त ७.१९ भाग शिसे आढळले. एवढा सूक्ष्म अंश नमुना आम्लात विरघळवून यंत्रानेच मोजता येतो. तेव्हा अंगठी बोटातच असू द्या. वेष्टनावरचा परवाना क्रमांक आणि वापराची मुदत तेवढी वाचा.